पवळ्याचा पाय

आपला पवळ्या बैल गेला तेव्हापासून केरू त्या भास्कर शेट्येच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता.

केरू पालीच्या खाणीतले जांभ्या दगडाचे चिरे बैलगाडीने रत्नागिरीला वाहायचा. भास्कर आंब्याच्या व्यापाऱ्याचा माणूस. मुंबईहून आणलेल्या फटफटीवरून बागा पालथ्या घालायचा. मार्गशीर्षात एका तिन्हीसांजेला वळणावर फटफटी समोरून आली आणि पवळ्याच्या पुढच्या पायावर आदळली. आठ दिवसांनी बैल गेला. पंच बसले, तेव्हा भास्कर म्हणाला, "माझा दिवा लावलेला होता. याच्याच गाडीला कंदील नव्हता."

कंदील नव्हता हे खरंच होतं. दोष केरूच्या पदरात पडला.

मेहुण्याने एक बैल दिला. केरूने गाडीला पुढेमागे दोन कंदील बांधले आणि तोंड मिटून घेतलं.

फाल्गुनातल्या एका काळोख्या रात्री हातखंब्याच्या अलीकडे, चढ संपल्यावर, त्याने बैलांना दम खायला थांबवलं होतं. गाडीने अर्ध्याहून जास्त रस्ता अडवलेला. तोच मागून फटफटीचा आवाज आला. आवाज होता, पण उजेड नव्हता. ती कोणाची, हे केरूला बघावं लागलं नाही.

तो गाडीमागे गेला आणि बांधलेला कंदील सोडवून हातात घेतला. एक फुंकर पुरे होती. फटफटीच्या वाटेत चिऱ्यांनी भरलेली गाडी होती, आणि बघायला कोणी नव्हतं.

मग त्याला हाक ऐकू आली. "हो... हो... बाजूला व्हा..." रानात वाट चुकलेल्याने ओरडावं तसा भास्कर काळोखात ओरडत येत होता. त्या आवाजातली भीती ऐकून केरूला बरं वाटलं. तरी त्याचा हात वर गेला, कंदिलासकट.

फटफटी खडीवरून घसरली आणि चाकापासून हातभर अंतरावर आडवी झाली. भास्कर गुडघा धरून उठला.

"रस्त्यात गाडी लावतोस? अक्कल आहे का?"

केरूने कंदील त्याच्या तोंडासमोर धरला.

"दिव्यातलं पाणी संपलं. कार्बाइडचा दिवा आहे, पाण्याशिवाय पेटत नाही. बैलांचं असेल ना तुझ्याकडे? घोटभर दे."

"माज्या पवळ्याचा पाय मोडलास, त्या दिशी दिव्यात पानी व्हतं?"

"होतं." भास्कर म्हणाला, "रस्ता दिसत होता अजून, म्हणून पेटवला नव्हता."

"पंचांना तर पेटवला व्हता म्हनलास."

भास्कर वाकून फटफटी उभी करू लागला.

"मी तुला शेट म्हनायचो," केरू म्हणाला. "आता ह्या कंदिलामागनं चल. हातखंब्याला पानी मिळंल. नि जे आत्ता बोललास ते पालीत जाऊन बोल."

"नाही बोललो तर?"

"तर मला कळंल तू कोन हायस. मला म्हाईत हायेच."

त्याने बैल हाकले, मुद्दाम सावकाश. लंगडत, धापा टाकत भास्कर ती जड फटफटी ढकलत मागे येत राहिला. केरूने एकदाही वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भास्कर पालीत आला नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी पालीच्या बाजारात, फटफटीवरून न उतरताच, त्याने पंचांना सांगितलं की त्या संध्याकाळी आपला दिवा लावलेला नव्हता. मग तसाच निघून गेला.

"आता तरी जा, मिटवून टाक," केरूची बायको चिमा म्हणाली.

"बैल मेला माजा," केरू म्हणाला, आणि खाणीवर निघाला.