भरपाईचा उखाणा

इराचा साखरपुडा बरुआसागरला, मुलाच्या घरी ठरला होता. तिथे बसने जायचे की पॅसेंजरने, यावरून झाशीच्या प्रेम नगरमधल्या तिच्या घरात आठवडाभर रणधुमाळी माजली. शेवटी इराचे आईवडील सामान घेऊन बसने पुढे गेले. नवरीला मात्र तिच्या आजोबांनी, रमाकांतांनी, आपल्यासोबत ठेवून घेतले. तंत्रनिकेतनात शिकून सारी हयात रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेल्या या गृहस्थांना, आपल्या घरचे मंगलकार्य रस्त्याने जावे ही कल्पनाच सोसत नव्हती.

“आणि गाडीला उशीर झाला तर?” त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी विचारले होते.

“होणार नाही. झालाच, तर भरपाई मी देईन.”

“काय द्याल?”

“मागशील ते.”

लीलाबाईंनी पदर सावरला. “उखाणा. सर्वांसमोर, माझं नाव घेऊन.”

रमाकांत गडबडले, पण दिलेला शब्द मागे घेणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. त्यांच्या लग्नात, घास भरवण्याची वेळ आली नेमके तेव्हा रेल्वेच्या केबिनमधून बोलावणे आले होते आणि नवरदेव मुंडावळ्यांसह सिग्नल दुरुस्तीला धावले होते. “उखाणा नंतर घेईन,” असे ते जाता जाता म्हणाले. ते ‘नंतर’ अजून उगवले नव्हते.

आता झाशीच्या फलाटावर सकाळ चढत होती. गाडी आधी थोडी उशिरा, मग आणखी उशिरा येणार असल्याचे कळले आणि अखेर ध्वनिक्षेपकाने ती रद्द झाल्याचे जाहीर केले. रमाकांतांचा चेहरा उजळला. खिडकीवर जाऊन त्यांनी तिकिटांचे पैसे रीतसर परत घेतले.

“हिशेब मिटला,” ते म्हणाले. “चला, बस गाठू.”

लीलाबाई ट्रंकेवर बसूनच राहिल्या. “रेल्वेचा मिटला. तुमचा कुठे मिटला?”

“अगं, नीट विचार कर. उशीर मोजायचा तो गाडी आल्यावर. जी गाडी आलीच नाही, तिला उशीर झाला असं म्हणता येत नाही.”

“आलीच नाही म्हणजे उशीर संपलाच नाही. म्हणजे जन्मभर उखाणे!”

“आजोबा, हार गए आप!” इराने पैठणी सावरत टाळी वाजवली. “आजीचं लॉजिक एकदम सॉलिड आहे.”

तेवढ्यात इराचा फोन वाजला. मुलाच्या आजी, अंबिकाबाई, इतक्या मोठ्याने बोलत होत्या की सगळ्या फलाटाला ऐकू गेले. “अगो, नवरी आहे कुठे? मुहूर्त टळायची वेळ आली!”

“आजी ट्रंकेवर बसली आहे,” इरा म्हणाली. “आजोबांनी उखाणा घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणते.”

पलीकडून आवाज आला, “मग घ्यायला सांग की! आम्हीही ऐकतो. फोन ठेवू नकोस हं.”

चहाची किटली घेऊन फिरणारा मुकेश थबकला. त्याच्यामागे खोळंबलेले प्रवासी जमले. रमाकांतांनी घसा साफ केला.

“दोन रुळांमधलं अंतर सर्वत्र सारखं असतं. लीला या माझ्या पत्नी आहेत.”

“बाबूजी,” यमक जुळले नाही म्हणून मुकेश हळहळला, “तुक तो मिली ही नहीं!”

“नापास!” फोनमधून अंबिकाबाई गरजल्या.

सगळा फलाट हसू लागला. रमाकांतांनी अवघडून नजर वळवली, ती सवयीने सिग्नलवर गेली. तिथे नुकताच दिवा बदलला होता. त्यामागे यार्डातून एक रिकामी गाडी याच फलाटाकडे सरकत होती. रद्द झालेल्या गाडीच्या जागी दुसरी येत होती. फलाटावर ते दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आले नव्हते. नुसते बोट दाखवले असते, तर उखाणा विसरून सारेजण ट्रंका उचलून धावले असते.

त्यांनी बोट दाखवले नाही. पाठ गाडीकडे केली, लीलाबाईंसमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

“जन्मभर जपले दिवे, तपासली तार न् तार;
लीलाचं नाव घ्यायला मात्र झाला उशीर फार!”

टाळ्या, शिट्ट्या आणि इंजिनाचा भोंगा असा एकच गजर झाला. लीलाबाईंनी डोळे पुसले, मग पाहिले, तो समोर गाडी उभी.

“अहो! तुम्हाला दिसली नव्हती?”

“सिग्नलवाल्याला दिसणार नाही?” रमाकांत म्हणाले आणि लाजून ट्रंक उचलू लागले.

रमाकांतांनी धावत जाऊन पुन्हा तिकिटे काढली. मुकेशने पाजलेल्या चहाचे पैसे घेतले नाहीत. डब्यात सगळ्यांनी सरकून नवरीला खिडकी दिली. इराने फोनवर “निघालो!” असे ओरडून सांगितले आणि गाडी डौलात निघाली. ओरछ्याच्या अलीकडे मात्र ती हळू झाली, कुरकुरली आणि चक्क थांबली.

डब्यातल्या सगळ्यांच्या माना रमाकांतांकडे वळल्या.

“अहो,” लीलाबाई गालात हसल्या, “वाट बघताहेत लोक.”