न विचारता दिलेलं पाकीट

कोपऱ्यावरच्या दुकानदारकाकांना एकाच गोष्टीचा गर्व होता. त्यांना गिऱ्हाइकाला ‘काय देऊ’ असं विचारावं लागत नसे. मास्तरीणबाई पायरी चढल्या की अंडी बाहेर यायची. शिंपी रस्त्यावरून नुसता खाकरला तरी त्याची चहापत्ती पुड्यात बांधून तयार. “माणूस एकदा ओळखला की त्याची जीभ कशाला शिणवायची?” काका म्हणत. “एवढं ओळखता, तर मला काय हवंय ते कधी ओळखणार?” असं काकूंनी विचारलं, की काका वजनकाटा पुसायला घेत.

समोरच्या इमारतीत एक रंगारी राहायचा. त्याची मुलगी एक दिवसाआड ब्रेड आणि दूध न्यायला येई. लहानपणी काकांनी तिच्या हातावर शेंग ठेवली, की ती दोन्ही हातांत धरून टुकूटुकू सोलायची. तेव्हापासून ती खारूताई. आता पंधरा वर्षांची झाली, काकांच्या खांद्याला लागली, तरी नाव तेच. आणि तिच्या पिशवीत दुधाखाली काका न विसरता आणखी एक वस्तू ठेवत: तिच्या बाबांचं सिगारेटचं पाकीट.

मध्यंतरी कायदा कडक झाला, तेव्हा दुकानात पाटी लावावी लागली. ‘अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखू, सिगारेट मिळणार नाही.’ पाटी रंगवली रंगाऱ्यानंच, तीही ओठांत सिगारेट धरून. ओल्या ‘अठरा’वर राखेचा कण पडला आणि तिथेच चिकटला. “राहू दे, पाटीला दृष्ट लागणार नाही,” काका म्हणाले. तपासणीचे साहेब आले, पाटी वाचली, मान डोलावली, गेले. आता बघा, ज्यानं पाटी टांगली त्याच्याच हातून पंधरा वर्षांच्या पोरीच्या पिशवीत पाकीट जात होतं. पण ओढणारा बाप, पोरगी नुसती हमाल, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली. मन हा असला वकील आहे की फी न घेता आपला खटला लढतो.

एके दिवशी सकाळी रंगारी स्वतः आला. गळ्याची हाडं वर आलेली, शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा. काकांचा हात सवयीनं फळीकडे गेला. रंगाऱ्यानं समोर आलेलं पाकीट एका बोटानं मागे सारलं.

“नको काका. चार महिने झाले सोडून. दवाखान्यात पडलो होतो ना, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, तुझी फुफ्फुसं म्हणजे वाळून कडक झालेले ब्रश. कितीही धू, नव्यासारखे व्हायचे नाहीत, पण आहेत ते सांभाळ.” तो हसला. “घरात आता गॅसशिवाय काही पेटत नाही.”

काकांचा हात पाकिटावरच राहिला. परवाच एक पिशवीत गेलं होतं. रंगारी दवाखान्यात असतानाही गेलं होतं. ‘बाबांना बरं आहे ना गं?’ असं तोंड विचारत होतं आणि हात पाकीट ठेवत होता. देवानं तोंड आणि हात एकाच धडाला दिले, पण त्यांची गाठ घालून द्यायचं काम आपल्यावर सोडलं, ते काकांना त्या क्षणी कळलं. रंगाऱ्याला मात्र ते काही बोलले नाहीत. आधी पोरीचं ऐकायला हवं होतं.

संध्याकाळी खारूताईनं पिशवी उघडून पुढे धरली. पिशवीत काहीच पडेना.

“काय देऊ?” काकांनी विचारलं.

ती बघतच राहिली. “नेहमीचंच.”

“नेहमीचं म्हणजे काय, ते तुझ्या तोंडून ऐकू दे.”

“ब्रेड. दूध.” मग तिची नजर पाटीवर गेली आणि खाली आली.

काकांनी आत यायच्या वाटेवरचं फळकुट उचलून तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं. काकू गल्ल्यावर गेल्या.

“बाबा सकाळी आले होते,” काका म्हणाले.

तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “बाबा दवाखान्यात होते तेव्हा मी पाकीट नुसतं उघडायचे. वास घ्यायचे. त्यांच्या शर्टाला यायचा तो. मग वाटलं, एक पेटवून बघू.” तिचा आवाज बारीक झाला. “आता नाही ओढली तर डोकं दुखतं. आईवर खेकसते. पाकिटाच्या पैशांसाठी बस सोडून चालत जाते, आणि चालताना दम लागतो. परत द्यायला हवं होतं मी.”

“तू मागितलं होतंस का?”

तिनं नकारार्थी मान हलवली.

“मग आधी चूक माझी. ती पाटी तुझ्यासाठी नाही गं, माझ्यासाठी आहे. तुझ्या वयात ही सवय झरझर मुरते, आणि मी ती तुला घरपोच दिली.” काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “चल, बाबांना सांगू. मी आधी बोलतो, मग तू.”

“ते रागावतील.”

“आधी माझ्यावर रागावतील. मग तुझ्या वाट्याला किती राग उरतो बघू.”

रंगाऱ्यानं सगळं ऐकलं. रागावला नाही. लेकीला जवळ ओढून एवढंच म्हणाला, “मला वाटायचं, वास माझ्याच जुन्या कपड्यांचा येतोय.”

दुसऱ्या दिवशी तो तिला आपल्याच डॉक्टरांकडे घेऊन गेला. पुढचे दिवस सोपे नव्हते. ती दारं आपटायची, रडायची, एकदा मैत्रिणीकडून एक आणलीही, आणि स्वतःच सांगून मोकळी झाली. बापलेक गॅलरीत लवंग चघळत बसायचे. “मी तुला चार महिन्यांनी सीनियर आहे,” रंगारी म्हणायचा, “माझं ऐकायचं.”

मग एका दुपारी तो ब्रश घेऊन दुकानात आला आणि पाटीवर खाली एक ओळ वाढवली: ‘बापानं पाठवलं असलं तरी.’

“तो राखेचा ठिपका खरवडू का?” काकांनी विचारलं.

“राहू दे. वाचणाऱ्याला कळू दे, लिहिणारा कोण होता.”

काका आता सगळ्यांना विचारतात. “वय झालं तुमचं, चहापत्तीसुद्धा विसरलात,” असं शिंपी चारचौघांत चिडवतो. काका ऐकून घेतात आणि पुन्हा विचारतात.

“काय देऊ, खारूताई?”

“ब्रेड, दूध.” ती पिशवी पुढे धरते. “आणि मूठभर शेंगा. सोलून नकोत.”