साठ किलोमीटरनंतर मी

घुर्रर्र... आणि मग एका लयीत गुणगुण. फार दिवसांपूर्वी ऐकलेला हा माझाच पहिला आवाज. कारखान्यात मला प्रथम चालू केलं, तेव्हा तिथल्या एका कामगार बाईनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "छान बोलतोय हा." तेव्हापासून मला वाटायचं, आपला जन्म बोलण्यासाठीच आहे.

मी एका गाडीचं पेट्रोल इंजिन. आमच्या गाडीत आम्ही दोघं राहतो. मागच्या सीटखाली बॅटरी, पुढे बॉनेटखाली मी. घरी आलं की गाडी भिंतीवरच्या प्लगला जोडायची. भरलेली बॅटरी साठ किलोमीटर नेते. ती थकली की माझी पाळी. असं ठरलेलं होतं.

पण मालक पडला रोझेर. कॅनडातल्या क्विबेकमधल्या तळ्याकाठच्या गावातला, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. एप्रिलात बर्फ वितळलं आणि त्याच्या मनानं घेतलं, पेट्रोलचा थेंबही जाळायचा नाही. रोज गॅरेजच्या भिंतीवर तो खडूनं बिनपेट्रोलच्या दिवसाची एक रेघ ओढायचा. वाणसामान, चर्च, मासेमारी, सगळं साठ किलोमीटरच्या आत.

शेजारचा नॉर्मां चिडवायचा, "काय रे, दावणीच्या गाईसारखा फिरतोस!"

"गाय दूध तरी देते. तुझा ट्रक नुसता धूर देतो!"

दोघं हसायचे. मी गप्प. बॅटरीवर माझा राग नव्हता, गुणी पोर आहे ती. पण मानानं कोपऱ्यात बसवलेल्या म्हाताऱ्यासारखं व्हायचं. आवाज अजून आहे की गेला, हेही कळेना.

ऑगस्टमध्ये रोझेरच्या बायकोची, गिलेनची, बहीण जॉर्जेत ऐंशी वर्षांची झाली. तिचं घर एकशे दहा किलोमीटरवर.

"तीन वर्षं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करतोयस," गिलेन म्हणाली.

"जाऊ की! अर्ध्या वाटेत चार्ज करू."

निघालो. अर्ध्या वाटेवर बटाट्याच्या तळलेल्या कापांचं खोपटं होतं, शेजारी चार्जिंगचा खांब. बॅटरी भरायला तीन तास लागणार होते. गिलेन मांडीवर ब्लूबेरीचा केक घेऊन बसली. तास गेला.

"बाराला जेवण आहे, रोझेर."

"दोनच तास राहिले."

"छान. एक्क्याऐंशीच्या वाढदिवसाला नक्की पोचू."

तो हसला. ती हसली नाही. "तुझ्या भावालाही आपण म्हणालो होतो, पुढच्या उन्हाळ्यात येतो. आणि गेलो ते त्याला पुरायलाच."

रोझेरनं हातातली कापांची पुडी खाली ठेवली. उठला आणि खांबाची केबल काढली.

वीस किलोमीटर झाल्यावर बॅटरी म्हणाली, "काका, आता तुम्ही."

मी घाबरलो. पाच महिने तोंड उघडलं नव्हतं. एकदा अडखळलो. मग, घुर्रर्र...

रोझेरनं रेडिओ बंद केला. "ऐक."

"काय ऐकू?"

"गिरणीत सकाळी पहिली करवत सुरू व्हायची ना, तस्सा. छान बोलतोय गं हा!"

"पाच महिने त्याचं तोंड बांधलंस, आता कौतुक होय!"

बाराला दोन मिनिटं कमी असताना पोचलो. जॉर्जेत दारातच उभी होती. "आलात? मला वाटलं, गाडी ढकलत आणताय!" एवढं बोलून तिनं बहिणीला जी मिठी मारली, ती मधल्या केकचा चुरा होईपर्यंत सोडली नाही.

माझं मागणं फार नाही. रोज बॅटरीच धावू दे, हवाही तेवढी स्वच्छ राहील. पण कुणी आपलं माणूस साठ किलोमीटरच्या पलीकडे वाट बघत असेल, तर मला हाक मारा. मी तेवढ्यासाठीच आहे.

संध्याकाळी घरी परतलो. रोझेरनं केबल प्लगला लावली, खडू घेतला आणि भिंतीसमोर उभा राहिला. मला वाटलं, आता सगळं पुसणार. पण त्या रेघांना त्यानं हात लावला नाही. वळून बॉनेटसमोरच्या कोऱ्या भिंतीकडे आला, माझ्या बाजूच्या. तिथे त्यानं एक रेघ ओढली. पहिलीच.

मग गरम बॉनेटवर क्षणभर तळहात ठेवला, आणि घरात निघून गेला.