उद्घाटनाचं कलिंगड

प्रांताच्या साहेबांपुढे कलिंगडाचं ताट आलं आणि तूदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गावातल्या खजुरींच्या झावळ्या दोन उन्हाळे पिवळ्या पडत होत्या. डोंगरापासून जमिनीखालून पाणी आणणारा पूर्वजांचा बोगदा, गावाचा खत्तारा, आता इतका बारीक वाहत होता की बायका घडा ठेवून गप्पा मारून येत, तरी तो अर्धाच भरलेला असे. आणि इथे उद्घाटनाच्या मंडपात लालबुंद फोडी वाटल्या जात होत्या. पंचायतीचा अध्यक्ष बास्सू स्वतःच्या हाताने वाढत होता. कलिंगडं त्याच्या मेव्हण्याच्या मळ्यातली. त्या मळ्याला पाणी कुठलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि तरीही लोक फोडी खात होते. तूदाला त्यांचाही राग आला.

अनुदान मागितलं होतं तूदाच्या महिला मंडळाने. दुष्काळाशी झुंजणाऱ्या गावांसाठी पंचायतीकडे हवामान निधी आला होता. बायकांनी मागितलं एकच: खत्तारा जिथे कोसळलाय तिथे दुरुस्त करा. मंजुरी आली. गावाचा वाटा श्रमाचा ठरला, म्हणजे तवीझा. घरटी एक माणूस, स्वतःची कुदळ, मजुरी नाही. तवीझाची हाक कुणी मोडत नाही. ज्या घराने मोडली, त्या घरच्या मयताला गाव खांदा देत नाही.

हाक द्यायला म्हातारे अद्दीकाका आणि तूदा दारोदार हिंडले होते. बास्सू म्हणाला, "आधी वरच्या अंगाला चर खणा. कोसळलेल्या भागाला वळसा घालून नळ टाकू." सगळ्यांनी मान खाली घालून खणलं. तवीझात कुदळ कुठे आणि का पडते, हे विचारायचं नसतं. हाक देणाऱ्याचा तो अपमान.

मग वरती विहीर खोदली गेली, सौरपंप बसला, चरात नळ पडला आणि दुसऱ्या टोकाला मेव्हण्याच्या मळ्यात निघाला. उन्हाचं बिल येत नाही. पंप उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायचा आणि खाली खत्तारा आटत जायचा.

तूदा कचेरीत भांडायला गेली तेव्हा बास्सू चहा ओतत हसला होता.

"अगं तूदाताई, निधी हवामानाचा. पंपाला धूर नाही, डिझेल नाही. आणखी काय हवं तुझ्या हवामानाला?"

"मला पाणी हवं, मेल्या!"

"जमिनीखालचं पाणी काय कुणाच्या बापाचं असतं?"

"मग तुझ्या मेव्हण्याचं कसं झालं?"

बास्सूने पेला पुढे सरकवला. "उगाच ओरडू नकोस. चर खणला तो तुम्हीच. हाक तूच दिलीस ना?"

तो चहा तिने घेतला नाही. पण ते वाक्य घशात हाडासारखं अडकून राहिलं, कारण ते खरं होतं.

"आता लाभार्थी महिलांच्या वतीने दोन शब्द," मंडपात साहेब म्हणाले.

"गोड बोल हं," बास्सू कुजबुजला आणि एका हातात फोडींचं ताट सावरत त्याने माइक तिच्या हातात दिला.

तूदाने साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. "गावकऱ्यांनो, तवीझा आहे. आत्ता. कुदळी आणा."

चघळणारी तोंडं थांबली. अद्दीकाका काठी टेकत उठले. गावात आजवर कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "कुठे खणायचं, पोरी?"

"काका, हे मागच्या खेपेला विचारलं असतंत तर! मीही नाही विचारलं. आज खणायचं नाही. नळ उपटायचा आणि चर बुजवायचा."

एक बाई उठली, मग तिची जाऊ, मग मागची सगळी रांग. घरोघरच्या अंगणांतून कुदळींचा खणखणाट ऐकू आला.

"सरकारी कामाला हात लावाल तर आत जाल सगळे!" बास्सू ओरडला. "साहेब, ही बाई वेडी आहे."

तूदाने एक कुदळ त्याच्यासमोर धरली. "तूही याच गावचा. हाक ऐकलीस. घे."

"मी अध्यक्ष आहे!"

"अध्यक्षाच्या घरी मयत होत नाही वाटतं?"

कुणी हसलं नाही. बास्सूने साहेबांकडे पाहिलं. साहेब हातरुमालाने बोटं पुसत मोटारीकडे निघाले होते.

पहिल्या रांगेत बास्सूची आई यामना बसली होती. पाठीचा कणा वाकलेला, हातपाय थरथरणारे. ती खुर्चीला धरून उठली आणि तिने कुदळीचा दांडा पकडला.

"आई, खाली बस! काय चालवलंयस?"

"गप रे." म्हातारीचा आवाज चिरकला. "आज ना उद्या मी मरेन. मला खांदा कोण देणार? तुझा हा साहेब?"

तिला कुदळ उचलेना. ती तशीच फरपटत, मातीत रेघ ओढत चराकडे निघाली. तूदाने मदतीला हात पुढे केला, तो तिने झटकला. मागून गाव चालू लागलं.

मंडपात बास्सू एकटा उभा राहिला. हातात ताट तसंच होतं.