नवे टायर मागं

भवानी पेठेतल्या शिवप्पाच्या टायरच्या दुकानात म्या त्या दिवशी उगाच आवाज चढवला. गाडीला दोनच टायर नवे घालायचे व्हते, उरलेले दोन निम्मे झिजलेले. लेक राजनंदिनीला नववा लागलेला. दुसऱ्या दिवशी तिला दुधनीहून बाळंतपणाला सोलापूरला आणायचं व्हतं, आन् चार दिवस पाऊस हटत नव्हता.

“नवे पुढं लाव,” म्या म्हणलं. “इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं. मागची चाकं नुसती फरफटत येत्यात.”

“मागं लावतो. पाण्यात मागची चाकं घसरली की गाडी गरकन फिरती. मग स्टेअरिंग धरून उपेग न्हाय.”

“गाडी माझी हाय का तुझी?”

शिवप्पानं पाना खाली ठेवला. “बाळासो, तुमी मेंढरं राखणारी माणसं. कळप रस्त्यानं नेताना जाणता माणूस कुटं चालतो?”

आमचा बा जन्मभर मागं चालला. कळप फुटतो तो मागनंच. त्याचं खरं व्हतं, म्हणून जास्तच राग आला.

“लाव मागं. काय झालं तर तुझ्या दारात येऊन बसतो बघ.”

घरी बायकोनं, गोजाबाईनं, नव्या टायरांची पूजा म्हणून सवयीनं पुढच्या चाकांना हळद-कुंकू लावलं.

“आगं, नवे मागं हायत.”

“मागं? फसवलं की तुमाला त्यानं.”

म्या गाडीची चावी खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अक्कलकोटच्या अलीकडं, वळणावर रस्ताभर पाणी साचलेलं. दिसलं तवर गाडी त्यात शिरली. पुढची चाकं सरळच घसरत निघाली. म्या ब्रेक दाबला न्हाय, ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला, स्टेअरिंग धरून ठेवलं. गाडीची मागची बाजू जराबी फिरली न्हाय. सावकाश पुढच्या चाकांनी रस्ता धरला, गाडी वळली. डाव्या हाताला खोल चर व्हता. मागच्या सीटवर राजनंदिनी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेली, तिला काय कळलंबी न्हाय.

गोजाबाईनं मातर सगळं बघितलं व्हतं. दवाखान्यात पोचल्यावर लेकीला आत नेलं, आन् ही बाहेर येऊन पदरानं मागच्या चाकांचा चिखल पुसत बसली.

तिसऱ्या दिवशी नात झाली. पेढे घेऊन म्या थेट भवानी पेठ गाठली आन् शिवप्पाच्या पायरीवर बसलो.

तो घाबरला. “काय झालं, बाळासो? दारात बसलाय ते?”

“काय झालं न्हाय,” म्या म्हणलं, आन् मला रडूच आलं. “काय सुदिक झालं न्हाय, शिवप्पा. म्हणून बसलोय.”