दाराआडची खुर्ची

“ताई, बाळाला पाजताना दुखतं का गं?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, “हिंमत असेल तर विचारून दाखव!” म्हणून धाकटी दार ढकलून आत आली आणि एका दमात विचारून मोकळी झाली. ताईच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब माझ्या हातावर पडला.

मित्रांनो, माझा हात म्हणजे वेताचा. मी या घरातली जुनी खुर्ची. एका कारागिराने वेत भिजवून, वाकवून मला घडवलं. स्वतः बसून पाहिलं आणि म्हणाला, “हिच्यात बसेल तो उठायचं नाव घेणार नाही.” काय माझा रुबाब होता! बैठकीच्या खोलीत मानाची जागा. बाबा माझ्यात बसून पेपर वाचत आणि माझ्यातच घोरत. मग सोफा आला. माझी बैठक तोवर खोलगट झाली होती, एका हाताचा वेत उसवला होता. माझी रवानगी मागच्या खोलीत झाली, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाखाली. धाकटी शाळेतून आली की माझ्यावर दप्तर भिरकावून जाई. तेवढीच काय ती विचारपूस.

दाजींची नोकरी दूरगावी, म्हणून ताई तान्हं बाळ घेऊन इथे राहायला आली. मला वाटलं, आता माझे दिवस पालटले. कसचं काय! बाळ रडलं की आई म्हणे, “जा, आत निवांत बसून पाज,” आणि दार ओढून घेई. बाहेर गप्पा, भांड्यांचा आवाज, टीव्ही. आत आम्ही. प्रेमापोटी लोटलेलं असलं, तरी बंद दार ते बंदच.

ताई माझ्यात रुतायची, बाळावर वाकायची आणि बाळ प्यायला लागलं की ओठ दाताखाली दाबायची. दाजी फोनवर विचारत, “प्यायलं का पिल्लू?” ती म्हणे, “हो, मस्त!” फोन ठेवला की माझ्या पाठीला डोकं टेकून नुसती बसून राही. एकदा आईला म्हणाली, “मला जमत नाहीये गं.” आई हसली, “अगं, मांजरीलासुद्धा जमतं!” पुन्हा ताईने तो विषय काढला नाही. काल तिने पावडरच्या दुधाचा डबा आणून माझ्यामागे लपवला. “उद्यापासून बंद हं,” असं बाळाला सांगत तिने त्याला घट्ट कवटाळलं. तिला बंद करायचं नव्हतं, मित्रांनो. पण हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?

आणि आज हा प्रश्न.

“खूप दुखतं,” ताई अखेर म्हणाली. “बाळ रडलं की आता पुन्हा पाजायचं, याचीच धास्ती वाटते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“विचारलं का कोणी?”

धाकटी ताईला आणि बाळाला घेऊन तडक दवाखान्यात गेली. परतल्या त्या दोघी बोलतच. नर्सबाई म्हणाल्या होत्या, “यात तुझी चूक नाही. बाळ स्तनाचं नुसतं टोक धरतंय. तोंड मोठं उघडू दे, भोवतीचा भागही तोंडात जाऊ दे. तू वाकू नकोस, बाळाला तुझ्याकडे आण.” आईच्या दुधाने बाळाला आजारांशी झुंजायचं बळ मिळतं आणि आईचीही तब्येत सावरते, हेही त्यांनी सांगितलं. कधी वरचं दूध द्यावं लागलं, तर त्यात लाजायचं काही नाही, असंही म्हणाल्या. तिथे दर आठवड्याला नव्या आया जमतात म्हणे, रडतात, हसतात, एकमेकींना सांभाळून घेतात.

धाकटीने माझ्या खड्ड्यात उशी कोंबली. ताई टेकून बसली, बाळाने मोठा आ करेपर्यंत थांबली.

“दुखतंय?”

“थोडं. पण कालच्यासारखं नाही गं!”

मित्रांनो, माझा उसवलेला वेत कधीतरी विणा, नाही विणलात तरी चालेल. पण बंद दाराआड कोणी गप्प बसलं असेल, तर दार वाजवून एकदा विचारा.

बाळ झोपल्यावर धाकटीने मला धरलं आणि खरडत खरडत बाहेर ओढलं.

“अगं अगं, फरशी!” बाबा ओरडले.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” धाकटी कमरेवर हात ठेवून म्हणाली. “ही खुर्ची आता इथेच राहणार. ताई आपल्यात बसून बाळाला पाजणार. तिला विचारलंय मी, विचारायची सवयच लागलीय मला!”

“आणि पाहुणे आले तर?” आई पुटपुटली.

“पाहुण्यांना सोफा आहे की!”