जिवंत सासूच्या नावाचा पांढरा कंदील

मित्रांनो, मी किती जुना कंदील आहे हे सांगताना माझी जरा पंचाईत होते. तारेचा सांगाडा अठरा वर्षांचा, पण अंगावरचा कागद यंदाचा. कोरियातल्या किम्हेच्या डोंगरावर आमचं बुद्धमंदिर आहे. दर वसंतात तिथे बायका जमतात, चिमटीत कागद पिळून पाकळ्या करतात आणि खळ लावून आम्हाला चिकटवतात. हात चालतात त्याच्या दुप्पट तोंडं चालतात. त्यामुळे गावातल्या सगळ्या सुनांची कुंडली मला पाठ आहे.

माझ्या वाट्याला कायम पांढरा कागद आला. लाल, हिरवे, पिवळे कंदील जिवंत माणसांच्या नावाचे. ते अंगणात मिरवतात. आम्ही पांढरे, गेलेल्यांचे. बाजूच्या छोट्या देवळापुढे आमची रांग. जो येतो तो नाक पुसत येतो. अठरा वर्षांत मला बघून कुणी हसलं नव्हतं, आणि ते मला फार लागायचं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

यंदा बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी इनोका आली. ती श्रीलंकेची. इथल्या थे-ग्यूशी लग्न होऊन चार वर्षं झाली होती. त्याची आई पिल-सुन म्हणजे मंदिराच्या स्वयंपाकघराची मालकीणच. तिच्या पोटातली गाठ मंगळवारी काढायची होती. डॉक्टरांनी आराम सांगितला होता, म्हणून ती स्टुलावर बसून भात वाढायची. चार वर्षांत सुनेनं घातलेली एकही किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, तिला पसंत पडली नव्हती. इनोकानं ठरवलं, सासूला न सांगता तिच्या आयुष्यासाठी कंदील लावायचा.

चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाईंनी नाव लिहून दिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "लाव कुठेही, जागा बघून."

इनोका अंगणभर फिरली आणि माझ्यापुढे थांबली. तिच्या देशात देवळात जाताना पांढरंच नेसतात. सगळ्यात पवित्र ते पांढरं. ती माझ्याकडे बघून हसली आणि मी पाघळलो. तिनं चिठ्ठी माझ्या तळाशी बांधली, माझ्याबरोबर फोटोही काढला. संध्याकाळी वारा सुटला, गाठ सैल झाली, चिठ्ठी निसटायला लागली. ती पडली असती तर सगळं निभावलं असतं. पण मी माझ्या तारेचं टोक तिच्या दोऱ्यात अडकवलं आणि घट्ट धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भन्तेजींनी आमच्या रांगेपुढे उभं राहून गेलेल्यांची नावं लाउडस्पीकरवर वाचली. चष्मा सापडत नव्हता, म्हणून प्रत्येक चिठ्ठीला नाक लावून, सावकाश आणि अगदी स्पष्ट. "पिल-सुन. यांना सुखावतीचा स्वर्ग लाभो."

भाताची रांग जागच्या जागी थांबली. पिल-सुनची मैत्रीण माल-जा हिनं गळा काढला, परवाच तर माझ्याशी भांडली होती म्हणून. मग डोळे पुसत ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली आणि वाडगा पुढे करून म्हणाली, दुःख आपल्या जागी, पण दोन घास खायलाच हवेत. वाडग्यात भात पडला. वाढणारी पिल-सुनच होती. माल-जा खालीच बसली. कुणीतरी थे-ग्यूला फोन केला होता. तो कारखान्यातल्या रबरी बुटांत रडत धावत आला, आणि आईला धडधाकट बघून आणखी मोठ्यानं रडला.

मग सगळे माझ्यापुढे जमले. चिठ्ठी कुणी लावली? लिहिणाऱ्या बाई आभाळाकडे बघत होत्या. इनोका पुढे आली. कान लाल झालेले.

"मी लावली. आमच्याकडे पांढरं शुभ असतं, आई."

"सासूला जिवंतपणीच पोचवलंस की गं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. ती रडली नाही, नुसती आक्रसत गेली. आणि मी? मी वाऱ्यावर झुलत होतो, जसं काही मला ठाऊकच नाही.

पिल-सुन हातात पळी घेऊन आली. तिनं चिठ्ठी वाचली.

"हसताय कशाला? अधिक महिन्यात स्वतःचं कफन शिवून ठेवता सगळ्याजणी, आयुष्य वाढतं म्हणून. या माल-जाचं तर रेशमी आहे. मग माझ्या सुनेनं कंदील लावला तर बिघडलं कुठे?"

पिल-सुननं आवाज खाली आणला. "अगं, मंगळवारी दवाखान्यात घरच्या माणसाची सही लागते. या थे-ग्यूला तर कागद बघूनच चक्कर येते. तू करशील? पण आधी नीट वाच, चार जणांना विचार, मग कर."

इनोकानं मान डोलावली.

सही तिनंच केली. गाठ निघाली, पिल-सुन परत स्टुलावर आली. मला कुणीच रागावलं नाही. कंदिलाला कोण रागावणार? सगळी चूक त्या पोरीच्या नावावर राहिली.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. परक्या मुलखातून कुणी आलं तर नुसतं बोट दाखवून मोकळे होऊ नका, उठून चार पावलं बरोबर चाला. आणि तरीही त्याचं चुकलं, तर त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. मी तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर होतो. मला तेवढंही जमलं नाही.